एमिलचं जावळ

क्लाराबाईंच्या घरात मुलाला ‘नाही’ म्हणायची बंदी होती. मुलगा अडीच वर्षांचा, नाव एमिल. त्याने भिंतीवर खडू फिरवला तर खडू काढून घ्यायचा नाही, ‘कागद किती छान आहे बघ’ म्हणत कागद पुढे करायचा. त्याने वाटीतलं उकडलेलं गाजर फरशीवर भिरकावलं तर ‘तुला आता गाजर नकोय असं दिसतंय’ हे त्याला शांत आवाजात सांगायचं आणि मग ते गाजर आपण वाकून उचलायचं. आपण म्हणजे माझ्या आईने. त्याला शाबास म्हणायचं नाही, कारण मग मूल शाबासकीचं भुकेलं बनतं. रागवायचं नाही, कारण मूल खचतं. मीठ नाही, साखर नाही. आणि उचलण्याआधी त्याची परवानगी घ्यायची: ‘एमिल, मी तुला आता उचलू का?’ त्याचं शरीर त्याचं आहे, त्याच्या मर्जीशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही, आईबापांनीसुद्धा नाही. केसही म्हणूनच कधी कापलेले नव्हते. जन्मापासूनचे सोनेरी कुरळे केस त्याच्या मानेवर आणि डोळ्यांवर लोंबायचे, आणि तो मोठा होऊन स्वतः सांगेल तेव्हाच ते कापले जाणार होते. माझ्या आईने घोडपदेवच्या चाळीत स्वतःची दोन आणि दिराची तीन अशी पाच मुलं वाढवली होती. ती ‘उचलू रे?’ असं विचारता विचारताच एमिलला कडेवर घेऊन मोकळी व्हायची.

आता माझ्या शेजारच्या फ्लॅटमधली तरुण मराठी आईसुद्धा तिच्या मुलाला ‘नाही’ म्हणत नाही. तो माझ्या कुंड्यांतली माती उकरतो आणि ती त्याला सांगते, ‘तुला माती आवडते असं दिसतंय.’ मी दार लावून घेते. त्या वेळी मात्र हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि पोट धरून हसावं की त्या बाईच्या डोक्यावर पाणी ओतावं हे मला कळत नव्हतं.

हे कुटुंब युरोपातल्या एका थंड देशातून आलं होतं. देशाचं नाव लिहीत नाही, तिथल्या बाकीच्या लोकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. नवऱ्याचं, हेन्रिकसाहेबांचं, इथल्या कुठल्याशा कंपनीत तीन वर्षांचं काम होतं आणि तेवढ्या वेळात मुलाला ‘भारत जगायला मिळेल’ असं बाईंनी ठरवलं होतं. भारत जगण्यासाठी त्यांनी लोअर परळच्या एका टॉवरमध्ये अठ्ठाविसाव्या मजल्यावर घर घेतलं. त्या घराच्या खिडक्या उघडत नसत. हवा यंत्रातून गाळून यायची, पाणी दुसऱ्या यंत्रातून, भाज्या कसल्याशा औषधात बुडवून. एवढं गाळून आणि बुडवून जो काही भारत शिल्लक राहायचा तो म्हणजे माझी आई, सुमन. ती सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एमिलला सांभाळायची. टॉवरमध्ये घरमालकांची लिफ्ट पुढे होती आणि कामवाल्यांची मागे. कुत्रीही मागच्याच लिफ्टने जायची. हे कळलं तेव्हा क्लाराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. किती अन्याय आहे हा, असं त्या मला दोनदा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुढच्या लिफ्टने गेल्या आणि आम्ही मागच्या.

त्यांच्याकडे त्यांच्यासारख्याच परदेशी बायका सारख्या कॉफीला यायच्या. सगळ्यांचे नवरे तीन वर्षांसाठी आलेले, सगळ्यांची मुलं एकाच शाळेत, सगळ्यांना एकमेकींकडच्या मुलं सांभाळणाऱ्या आया माहीत. कोणी नवी आली की क्लाराबाई आईला हॉलमध्ये बोलवायच्या, तिच्या खांद्यावर हात ठेवायच्या आणि सांगायच्या, ‘ही सुमन. ही आमच्या घरातलीच आहे. हा टॉवर ज्या गिरणीच्या जागेवर उभा आहे ना, त्या गिरणीत हिच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या कामाला होते.’ आमच्या घरातल्या कोणी गिरणीत कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. बाबा रे रोडला लाकडाच्या वखारीत होते आणि आजोबा गोदीत. मी एकदा हे बाईंना नीट सांगितलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘पण एका अर्थाने इथले सगळेच गिरणीतले, नाही का?’ पुढच्या पाहुणीला पुन्हा गिरणीच मिळाली. बाईंना आवडलेली गोष्ट खरी असायलाच हवी असं काही नव्हतं.

‘घरातलीच’ हा शब्द मात्र मी आईला मराठीत करून सांगितला, आणि आई तो खरा धरून बसली. तिने टॉवरच्या त्या स्वयंपाकघरात स्वतःहून चांदीचे चमचे घासून काढले, हेन्रिकसाहेबांच्या सर्दीला ओव्याची पुरचुंडी शेकून दिली, आणि क्लाराबाईंचं पोट दुखलं त्या दिवशी घरी येऊन देवापुढे दिवा लावला. मला या सगळ्याची किळस यायची. ‘अगं, तू कामवाली आहेस तिथे,’ मी म्हणायचे. आई म्हणायची, ‘असांदे गो. परक्या देशात इल्लीत ती. तेंका कोण आसा?’ जिच्या घरात एसीसुद्धा पाच होते तिची माझ्या आईला दया यायची.

माझं तिथे काय काम, तर बोलणं. बाईंना मराठी येत नव्हतं आणि आईला इंग्रजी. सुरुवातीला त्या दोघी हातवारे आणि मोडकी हिंदी यांवर भागवत होत्या. पण ‘मुलाला स्वतःच्या भावना ओळखू द्या’ हे हातवाऱ्यांनी कसं सांगणार? म्हणून रोज संध्याकाळी पाच वाजता, कॉलेज सुटलं की, मी परळहून चालत त्या टॉवरवर जायचे आणि जेवणाच्या टेबलाशी आमची बैठक व्हायची. क्लाराबाई खुर्चीवर, मी खुर्चीवर, आई उभी. तिलाही बसायला सांगितलेलं होतं, पण ती बसायची नाही, आणि पुन्हा आग्रह कोणी करायचं नाही. एमिल काय जेवला, किती झोपला, पडला का, पडल्यावर कोण काय बोललं, आणि शेवटी, त्याचा मूड कसा होता. ‘मूड म्हणजे काय गो?’ आईने पहिल्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, खूश होता म्हणून सांग. पुढे दीड वर्ष एमिल रोज खूश होता.

मी मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी मी रद्दीतून आणलेली मासिकं वाचून आणि गॅलरीत एकटी मोठ्याने बोलून कमावलं होतं, आणि त्याचा मला भयंकर ताठा होता. अख्ख्या चाळीत माझ्याइतकं इंग्रजी कोणाला येत नव्हतं. त्या टेबलाशी बसले की मला पहिल्यांदाच असं वाटायचं की या दोन बायका माझ्यावाचून अडून आहेत. एकीला दुसरीचं कळायचं ते मी सांगेन तेवढंच. हळूहळू मी दोन्हीकडचं गाळायला लागले. आई म्हणायची, ‘आज शेजारच्या मेमचो कुत्रो बघून घाबारलो, मगे मी तेका भीमरूपी म्हणून दाखवलंय.’ मी बाईंना सांगायचे, ‘तो कुत्र्याला घाबरला, तिने त्याला गाणं म्हणून शांत केलं.’ बाई अर्धा तास भावनांविषयी बोलायच्या. मी आईला सांगायचे, ‘रडला तर रडू दे म्हणते.’ दोघींचा वेळ वाचायचा. दोघीही मला मूर्ख वाटायच्या, आणि मधे बसलेली मी एकटी शहाणी.

रविवारी त्यांचा ब्रंच असायचा. मोठ्या हॉटेलात अकरा वाजता जाऊन चार वाजेपर्यंत खात बसायचं याला ब्रंच म्हणतात. तिथे मुलं कंटाळतात, आणि एमिलने इथल्या मुलांत मिसळावं असंही बाईंच्या मनात होतंच. तेव्हा दर रविवारी ड्रायव्हर एमिलला आमच्या चाळीत सोडायचा आणि संध्याकाळी न्यायचा. पहिल्या रविवारी बाई स्वतः आल्या. आमच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसल्या, मांडी जमेना म्हणून हसल्या, कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यांचे फोटो काढले, आणि ‘किती कमी गोष्टींत किती आनंद’ असं मला म्हणाल्या. मी हे आईला सांगितलं नाही. चाळीचं तर विचारायलाच नको. गोरं कातडं दिसलं की आमच्या लोकांचा कणा वाकतो. बायका रांग लावून एमिलचे गाल बघून गेल्या. कोणी खेळणं आणलं, कोणी नवी चादर अंथरली. त्याच खोलीत माझ्या चुलतभावाला कावीळ झाली तेव्हा यातल्या निम्म्या उंबऱ्याबाहेरून चौकशी करून गेल्या होत्या.

पण एमिल तिथे रमायचा, हे मला मान्य केलं पाहिजे. रविवारी सकाळी चाळीत सगळ्या खोल्यांतून एकदम मिक्सर लागायचे, वाटपाचा वास जिन्यापर्यंत यायचा, गॅलरीत पोरांचं क्रिकेट आणि त्यावरून भांडणं. तो अनवाणी पायांनी त्या गोंगाटात गुडूप व्हायचा आणि दुपारी काळा होऊन परत यायचा. मग आई त्याला मांडीत घेऊन मऊ भात भरवायची, त्यावर सोलकढी आणि बांगड्याच्या कालवणाचा वरवरचा रस. टॉवरमध्ये गाजर फेकणारा हा प्राणी इथे आ वासून बसायचा आणि ‘आजून’ म्हणायचा. चाळीने त्याचं नाव अमोल ठेवलं होतं. सोमवारी संध्याकाळी पाचला मी बाईंना सांगायचे, ‘भात आणि वाफवलेला मासा, मीठ न घालता.’

ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याच्या मानेवर घामोळं उठलं. त्या दाट केसांखाली कातडी लालेलाल झाली, बारीक फोड आले, तो रात्रंदिवस मान खाजवायचा आणि किरकिरायचा. टॉवरमधल्या गार हवेत बरं वाटायचं, खाली उतरलं की पुन्हा तेच. बाईंनी परदेशी मलम लावलं. आईने एक दिवस केस बाजूला करून मान बघितली आणि तिच्या डोक्यात जे आलं ते आमच्याकडच्या कुठल्याही बाईच्या डोक्यात आलं असतं. पोराचं जावळच राहिलंय. अडीच वर्षांचा झाला तरी पोटातले केस डोक्यावर. चाळीतल्या बायकांनी माना डोलावल्या. इथे त्याचा मामा नाही, म्हणून राहिलं असेल, असं त्यांचं आपसांत ठरलं. भाऊमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, लालबागला स्पेअर पार्टच्या दुकानात होता आणि दर रविवारी आमच्याकडेच जेवायला असायचा. तो ताटावरूनच म्हणाला, ‘मामा नाय म्हणजे? मी काय मेलो काय? माझ्या मांडीवर बसेल अमोल. फिक्स.’

आईने मात्र एक गोष्ट लक्षात ठेवली होती. दीड वर्ष त्या घरात ती जे एक शिकली होती ते हे, की या लोकांना विचारल्याशिवाय पोराला हात लावायचा नाही. ‘रजू, तू बाईंका इचार,’ ती मला म्हणाली. ‘इचारल्याशिवाय नको. तेंची रीत येगळी आसता.’ मधे दोन दिवस गेले आणि बुधवार उजाडला. मी पाच वाजता टॉवरवर गेले तेव्हा क्लाराबाईंकडे दोन मैत्रिणी आल्या होत्या आणि गिरणीची गोष्ट नुकतीच सांगून झाली होती. टेबलावर केक होता. आई माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि मला कोपराने ढोसून म्हणाली, ‘इचार आता. जावळाचा इचार.’

मी बाईंकडे पाहिलं. तिघीही माझ्याकडे उत्सुकतेने बघत होत्या. सुमन काय म्हणतेय? पुढे काय होणार ते मला लख्ख दिसलं. जावळ म्हणजे काय ते मी इंग्रजीत सांगणार. मग बाई एक तर छातीवर हात ठेवून ‘किती सुंदर प्रथा’ म्हणणार, किंवा मुलाच्या शरीराच्या हक्कावर व्याख्यान देणार. मैत्रिणी विचारणार, हे धर्मात आहे का, मुलींचंही करतात का, केसांचं पुढे काय करता. आणि मी तिथे बसून आमच्या घरातलं एकेक काढून त्यांच्या केकशेजारी मांडत जाणार. मला शब्द सापडत नव्हते असं मुळीच नाही. मला लाज वाटली. आईची वाटली, न्हाव्याची, नारळाची, भाऊमामाच्या मांडीची वाटली. मी बाईंना म्हटलं, ‘ती म्हणते, एमिलला या हवेचा फार त्रास होतोय, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.’

‘हो, हो, अगदी बरोबर!’ क्लाराबाई जोरजोरात मान हलवत म्हणाल्या, आणि आईकडे बघून त्यांनी छान हसून हात जोडले. मैत्रिणींनीही हात जोडले.

‘काय म्हणता ती?’ आईने विचारलं.

‘हो म्हणाली,’ मी म्हटलं. ‘कर म्हणाली.’

आई इतकी आनंदली की तिने बाईंना वाकून नमस्कारच केला. तिने होकार स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. हा सगळा प्रकार मिनिटभरात उरकला, आणि मला आठवतं, मला हायसं वाटलं. रविवारला चार दिवस होते. आई विसरेल, नाहीतर मी तिला सांगेन, नाहीतर बाईंना सांगेन. या चार दिवसांत मी कोणालाच काही सांगितलं नाही. दोन्ही बाजू माझ्या मुठीत आहेत याची मला सवय झाली होती, आणि वेळ आली की बोलून निभावून नेऊ असं मी धरून चालले होते. शेवटी बाई फार तर फोटो काढतील, अशी मी माझी समजूत घातली. त्या बाईला मी आतबाहेर ओळखलंय, हा माझा दुसरा ताठा.

रविवारी भाऊमामाने एमिलसाठी नवा कुर्ता-पायजमा आणला, मागच्या दिवाळीला त्याने स्वतःलाही काही घेतलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या सलूनमधला न्हावी धुतलेला शर्ट घालून वर आला. पाट मांडला, आईने एमिलला ओवाळलं, शेजारणींनी गॅलरी भरून टाकली. एमिलच्या हातात जिलबी दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा साखर खाणारं मूल मी पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं. भाऊमामाच्या मांडीवर तो इतका निवांत बसला होता की न्हाव्याने कात्री लावली तरी त्याने जिलबीवरून नजर उचलली नाही. केस जमिनीवर पडू द्यायचे नाहीत, ते बहिणीने झेलायचे, असं आईने ठरवलं. बहीण म्हणजे मी. नवा पांढरा रुमाल पसरून मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि एकेक सोनेरी कुरळी बट माझ्या हातांत पडत गेली. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. अर्धं डोकं व्हायच्या आधीसुद्धा. भाऊमामा म्हणाला, ‘च्यायला, काय सॉलिड दिसतोय बघ माझा भाचा!’ आणि सगळे हसले, मीही हसले. शेवटी वस्तरा फिरला, आणि आईने त्या लाल झालेल्या मानेवर आणि डोक्यावर हळद आणि खोबरेल लावलं. एमिल तिच्या खांद्यावर मान टाकून झोपला. कित्येक दिवसांनी तो मान न खाजवता झोपला होता.

पाच वाजता ड्रायव्हर आला तेव्हा एमिलबरोबर आईही निघाली, आणि तिने आग्रहच केला म्हणून मीही. बाईंना नीट सांगायला कोणीतरी हवं ना. आईने केसांचा रुमाल नीट घडी घालून पिशवीत घेतला होता, नारळ आणि जिलब्याही. दार क्लाराबाईंनीच उघडलं.

बाई ओरडतील अशी तयारी ठेवून मी गेले होते. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम रिकामा झाला, त्या खाली गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी एमिलला विचारलं, ‘मी तुझ्या डोक्याला हात लावू का?’ त्याने मान हलवली. मग त्यांनी त्या गुळगुळीत पिवळ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या रडायला लागल्या, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. त्या क्षणी मला त्या बाईचा तिरस्कार करता आला नाही. जे मी दीड वर्ष सोंग समजत होते ते सोंग नव्हतं. तिचं खरंच तसं होतं. आणि याचाही मला तिच्यावर रागच आला.

हेन्रिकसाहेब आतून आले. उंच, सभ्य माणूस, आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. ‘तुझ्या आईला विचार,’ ते म्हणाले, ‘हे करण्याचा अधिकार तिला कोणी दिला.’

मी विचारलं. आई गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा बाईंकडे बघत होती. तिच्या हातात जिलब्यांचा पुडा तसाच होता. ‘बाईंनीच तर होय म्हटला,’ ती म्हणाली. ‘बुधवारी. तूच इचारलंस मा गो, रजू? बाईंनी हात जोडल्यानी. सांग तेंका, याद करून दी.’

‘काय म्हणतेय ती?’ साहेबांनी विचारलं.

काहीही म्हटलं तरी माझीच गोष्ट बाहेर येणार होती, आणि ती कुठल्या भाषेत आधी सांगायची ते मला ठरवता येत नव्हतं. मी मान खाली घातली. आई माझ्याकडे बघत होती. मग तिने जिलब्यांचा पुडा बाजूच्या टेबलावर ठेवला, पदर नीट केला आणि शांतपणे म्हणाली, ‘सांग तेंका. मी कोणाक इचारूक नाय. माजीच चूक. माका वाटला, आपलोच झील. माझ्या चेडवाक ह्यातला कायच म्हायत नाय, ता पण सांग.’

आणि मी सांगितलं. सगळं, एकही वाक्य न गाळता. दीड वर्षात पहिल्यांदा मी आईचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत केलं. माझ्या आईने कोणालाच विचारलं नाही, तिला वाटलं हा आपलाच मुलगा आहे, तिच्या मुलीला यातलं काहीही माहीत नव्हतं. ‘तिच्या मुलीला’ असं मी माझ्या तोंडाने म्हटलं. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले की आता ते तिच्यावर विश्वास ठेवू शकत नाहीत, उद्यापासून तिने येऊ नये. हेही मी आईला सांगितलं. तिने मान हलवली. एमिलला आत न्यायला लागले तेव्हा तो ‘सुमी, सुमी’ म्हणून तिच्याकडे हात करत होता, आणि तिने त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तिला राहवलं नसतं.

आम्ही मागच्या लिफ्टने खाली आलो. करी रोडच्या पुलापर्यंत आई भराभर चालत राहिली. मी मनात जुळवत होते: तिथे पाहुण्या होत्या म्हणून, मला वाटलं तू विसरशील म्हणून, मला लाज वाटली म्हणून. पुलावर ती दम घ्यायला कठड्याशी थांबली. आता विचारणार, असं मला वाटलं. पुढे ती आणखी पुष्कळ वर्षं जगली, दुसरी तीन घरं धरली, माझं लग्न केलं, माझी पोरं वाढवली, आणि जाईपर्यंत तिने मला ते विचारलं नाही. त्या दिवशीही नाही.

‘रजू,’ ती म्हणाली, ‘इंग्लिश मात्र फाडफाड बोल्लंस गो. खयच अडाकलंस नाय. सायब नुसतो बघीत रवलो.’

आईला टोमणा मारता येत नसे. ती खरंच कौतुक करत होती. तिचं काम गेलं होतं, पोर तुटलं होतं, आणि तरीही आपली मुलगी त्या साहेबासमोर न अडखळता बोलली याचा तिला अभिमान वाटला होता. टोमणा असता तर मी उलट बोलले असते, भांडले असते, कदाचित रडून पाया धरले असते. या प्रकरणात मी सगळ्यांना नावं ठेवली आहेत, पण त्या पुलावर उभ्या असलेल्या त्या मुलीइतकं हलकं माणूस मी नंतरही पाहिलं नाही. ती मुलगी नुसतं ‘हं’ म्हणाली. आई पुढे चालायला लागली, आणि मी लालबागवरून थेट घोडपदेवपर्यंत तिच्या मागून आले, तिला माझं तोंड दिसणार नाही एवढं अंतर ठेवून.